शंभर टक्क्यांची शाळा

जुगळे सरांच्या ऑफिसात पालकासमोर चहा आला की समजायचं, त्याचं पोर शाळेतनं गेलं.

हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सर कुणावर खेकसत नसत, छडी तर त्यांनी कधी हातात धरली नाही. पोर हुशार असलं तर पालकाला दारातच उभं करून दोन शब्दांत वाटेला लावायचे. पण पोर कच्चं निघालं की खुर्ची पुढं सरकवायची, पंखा वाढवायचा आणि मारुतीमामांना हाक मारायची. मारुतीमामा म्हणजे शाळेचे शिपाई. ते कपबशी घेऊन आले की खेळ खलास.

नववीची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात तो चहा माझ्या आईसमोर आला. मामांनी कप ठेवला आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. एरवी 'काय वैजू, झाली का जत्रा?' म्हणून टपली मारल्याशिवाय त्यांना करमायचं नाही.

आई कारखान्यातनं तशीच आली होती. इचलकरंजीत माग चालतो त्या प्रत्येक घरात कुणीतरी मागासाठी सुताच्या कांड्या भरतं, आमच्या घरात ती भरायची. दिवसभर सुताशी झटायचं, त्यामुळं तिच्या केसांत, भुवयांत, पदरावर कापसाची बारीक पांढरी फूस बसलेली असायची. त्या दिवशी तर ती पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखी दिसत होती आणि ती तशी सरांच्या काचेच्या टेबलासमोर बसली याची मला लाज वाटत होती. तिला नव्हती.

सरांनी सगळं गोडीनं सांगितलं. वैजयंता पोरगी वळणाची आहे, अक्षर चांगलं आहे, पण गणितात आणि इंग्रजीत गेली आहे. नियमानं नापास. पण पोरीचं वर्ष कशाला वाया घालवायचं? शाळा तिला वर काढेल, नववी पासचा दाखला हातात देईल. तो घेऊन जायचं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. म्हणजे दहावीला बाहेरनं बसायचं. शाळा नको, गणवेश नको, घरी बसून निवांत अभ्यास. सर्टिफिकेट तेच, बोर्डाचा शिक्का तोच.

एवढी माया कशापायी, ते फाटकावर लिहिलेलं होतं. 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा.' चौकातल्या मोठ्या फलकावर तर दरवर्षी जूनमध्ये ते नव्यानं रंगवायचे आणि खाली फटाक्याची माळ लावायचे. कच्ची पोरं नववीतच बाहेर काढली की दहावीला नापास व्हायला उरतंय कोण? मलासुद्धा शंभर टक्के जमेल असं.

'सर्टिफिकेट तेच' हे तर निव्वळ खोटं होतं. कागद तोच असेल, माणसं तशी बघत नव्हती. आमच्या गल्लीत दहावीच्या किती जाती होत्या विचारू नका. पहिल्या झटक्यात पास ती खरी दहावी. ऑक्टोबरात सुटला तो ऑक्टोबरवाला. ग्रेसचे मार्क लागून पास झालेल्याला लग्नापर्यंत चिडवायचे. सतरा नंबरवाल्याला विचारायचे, 'का रं, शाळंनं हाकलला व्हय?' आणि या सगळ्यांच्या खाली दहावी नापास. तीसुद्धा पदवीच होती बरं का. मुलगी दाखवायच्या कागदावर 'शिक्षण : दहावी नापास' असं ठसठशीत लिहायचे, कारण नववी पासपेक्षा ते वजनदार वाटायचं. दहावीच्या पेपरला बसून तरी आली, एवढं त्यातनं कळायचं.

पण आईचं दुखणं या मानपानाचं नव्हतं. तिचं दुखणं माझा थोरला भाऊ होता.

विलासदादाच्या वेळी त्या खुर्चीत अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे आमचे वडील, साधा माणूस. हेडमास्तरांनी आपल्याला खुर्ची दिली, चहा पाजला, याचंच त्यांना कोण कौतुक. बशीत ओतून चहा प्याले, अंगठा नको म्हणून मोठ्या झोकात सही केली आणि दाखला घेऊन आले. आठवडाभर गल्लीत सांगत होते की एवढा मोठा माणूस, पण काय त्याचं बोलणं. पहिल्या वर्षी फॉर्मची तारीख कधी आली आणि गेली, ते आम्हाला कळलंच नाही. सांगणार कोण? दुसऱ्या वर्षी दादा रात्रपाळीला मागावर लागला होता. दिवसा झोपायचा, संध्याकाळी उठून कामावर जायचा. तिसऱ्या वर्षी कुणी विषयच काढला नाही. शाळेचा निकाल मात्र त्या वर्षीही शंभर टक्के लागला.

म्हणून मी त्या ऑफिसात उभी होते तेव्हा मला चांगलं माहीत होतं. फाटकाबाहेर पडले की मी कांड्याच भरणार. परीक्षा वगैरे नुसतं बोलायचं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर्टिफिकेट सारखंच म्हणताय?"

"अगदी सारखं," सर म्हणाले.

"मग तुमच्या तृप्तीला भरा की सतरा नंबर."

तृप्ती म्हणजे सरांची मुलगी. माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर. सर हसले आणि म्हणाले, तृप्ती हुशार आहे, तिची गोष्ट वेगळी.

"हुशार पोरीला शाळा कशाला लागती, सर? ती घरात बसून बी करंल. शाळा लागती ती हिला."

आजवर मी पुष्कळ भाषणं ऐकली. शिक्षणावर याच्यापेक्षा खरं काही माझ्या कानावर पडलेलं नाही.

सरांचा आवाज तेवढ्यापुरता बदलला. मग नियमानं नापास करावं लागेल, म्हणाले, पुन्हा नववीत बसावं लागेल, धाकट्या पोरांबरोबर. पोरीला विचारा तिला ते सोसेल का. त्यांना वाटलं, मी रडेन. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला नापास होण्यापेक्षा मेलेलं बरं वाटतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

आई माझ्याकडं वळली. "काय गं वैजे? तुझं तू सांग."

मला दादा दिसत होता. सकाळी पाळीवरनं येऊन, तोंडसुद्धा न धुता भिंतीकडं तोंड करून झोपणारा. आणि सरांचा तो गोड आवाज कानात होता. राग एवढा आला की रडूच आलं नाही.

"मला नापास करा, सर," मी म्हणाले. "मी जाणार नाही."

सर आईला म्हणाले, चहा निवतोय. आई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "निवू द्या." आम्ही निघालो तेव्हा त्या चहावर जाड साय धरली होती.

नापास होणं सोपं असतं असं कुणी सांगू नये. जूनमध्ये मी पुन्हा नववीच्या वर्गात गेले, तर सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. पोरं मला मावशी म्हणायची. जिन्यात माझ्या जुन्या मैत्रिणी भेटल्या की घाईत असायच्या. वर्गात बाई प्रश्न विचारताना माझ्यावरनं नजर पुढं न्यायच्या. आई रोज रात्री एकच विचारायची, आज शाळेत गेलीस ना. गेले म्हटलं की तिला बास व्हायचं.

गणित मात्र मला दादामुळं आलं. तो काही गणितात फार मोठा होता अशातला भाग नाही. संध्याकाळी पाळीला जायच्या आधी तो जेवायला बसायचा, तेव्हा मी त्याला दिवसभरात शिकलेलं मोठ्यानं सांगायची. तो घास तोंडात धरून ऐकायचा आणि मधेच विचारायचा, "व्हय, पण का?" ते 'का' मला येत नसे. मग दुसऱ्या दिवशी वर्गात मी बाईंना विचारायची. असं करत करत त्या वर्षी मी नववी माझ्या पायांनी पास झाले. काठावर का होईना, पण मला वर काढायची कुणाला गरज पडली नाही.

दहावीत आले आणि मला वाटलं, सुटले. कसली सुटते. दिवाळीनंतर सहामाहीची प्रगतिपुस्तकं द्यायचा दिवस आला. बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ तीच. गणितात पुन्हा माझी दांडी उडाली होती. सरांनी माझ्या आईला आणि आणखी तिघांच्या घरच्यांना निरोप धाडले. बोलणं काय होणार ते गल्लीला तोंडपाठ होतं. पोराची तब्येत बरी नाही म्हणून लिहून द्या, यंदा फॉर्म राहू द्या, पुढच्या वर्षी बाहेरनं बसवा.

आई सगळ्यांच्या आधी पोचली, पण आत गेली नाही. ऑफिसबाहेरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली. मामा दोनदा बोलवायला आले. ती म्हणाली, आमचा नंबर शेवटी लावा, आम्हाला घाई न्हाई. मी खांबाला टेकून उभी. माझा जीव वर-खाली होत होता.

पहिले आले ते भडंग विकणारे खानाज. त्यांचा श्रीधर माझ्या मागच्या बाकावर बसायचा. आईनं त्यांना बाकावर बसवून घेतलं आणि विलासदादाची हकिगत सांगितली. आवाज न चढवता, कुणाला नाव न ठेवता. चहा कसा आला, सही कशी झाली, तारीख कशी गेली. शेवटी म्हणाली, "आत चहा देतील. घेऊ नका." हमीदाभाभी आल्या, त्यांनाही तेच. शिवणकाम करणाऱ्या माळीबाई आल्या, त्यांनाही तेच. आमच्याकडं कुणाच्या दारात चहा नाकारणं म्हणजे भांडण मांडणं. सोयरीक मोडायची असली तरी माणूस आधी चहा पितो. त्यामुळं खानाज घुटमळले. हेडमास्तरांच्या तोंडावर नको कसं म्हणायचं, असं पुटपुटत आत गेले.

थोड्या वेळानं मामा ट्रे घेऊन बाहेर आले. कप भरलेला होता.

मग भाभी गेल्या. पुन्हा ट्रे तसाच परत. माळीबाईंच्या वेळी तर आतनं सरांचा आवाज चढलेला ऐकू आला. मी त्या शाळेत पहिल्यांदाच तो चढलेला ऐकत होते. ट्रे परत आला तेव्हा मामा आमच्यासमोर थांबले, इकडं-तिकडं बघितलं आणि वाया कशाला घालवायचा म्हणून एक कप उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला. आईला हसू आवरेना. मलाही.

आमची पाळी आली तेव्हा चहा आलाच नाही. सर दमलेले दिसत होते. आईकडं न बघता त्यांनी मला विचारलं, तुझ्यामुळं शाळेचं नाव गेलं तर काय करशील. उत्तर नव्हतं माझ्याकडं. पण लिहून कुणीच दिलं नव्हतं, त्यामुळं फॉर्म चौघांचेही भरले गेले.

त्यानंतर मी जो अभ्यास केला, तो मलाच ठाऊक. सरांचा प्रश्न डोक्यातनं जात नव्हता. मला त्यांच्या शाळेचं नाव राखायचं होतं, त्यांच्यासाठी नव्हे, त्यांच्या नाकावर टिच्चून. मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि एक शब्द न बोलता बाहेर यायचं.

जूनमध्ये निकाल लागला. श्रीधर खानाज पास. भाभींची नसीम पास, तीही सेकंड क्लासात. माळीबाईंचा पोरगा पास. वर्गातली सगळी पन्नास पोरं, त्यातली एकोणपन्नास पास. गणितात सहा मार्क कमी पडून मी एकटी गेले.

घरी येऊन मी चुलीमागं तोंड घालून रडले. दादा पाळीवरनं येऊन झोपला होता, तो उठून नुसता शेजारी बसून राहिला. कधी नव्हे ते मला वाटलं, सरांचंच खरं होतं. एका माणसासाठी सगळ्या शाळेला कशाला बट्टा लावायचा?

आई आली. तिला वाटेतच कळलं होतं. तिनं चूळ भरली, पाणी प्याली आणि माझ्यासमोर बसली.

"बाकीची तिघं?" तिनं विचारलं.

"पास."

"पहिल्या झटक्यात?"

"व्हय."

"चहा घेतला असता तर कुठं असती ती?"

मी डोळे पुसले. असा विचार मी केलाच नव्हता.

"ऊठ," आई म्हणाली. "तोंड धू. शाळेत जायचंय."

शाळेसमोरच्या गाड्यावरनं तिनं चहाची किटली भरून घेतली. मी म्हणत होते, आई नको, तमाशा होईल. तिनं ऐकलं नाही. ऑफिसात सर एकटेच बसले होते, डोकं धरून. संस्थेच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला असावा. फटाक्याची माळ आणून ठेवली होती, ती कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात तशीच पडून होती. मला बघून ते म्हणाले, "झालं समाधान? एवढ्या वर्षांचं नाव घालवलंस."

तेव्हा मला उत्तर सापडलं. पोटातनं आपोआप वर आलं.

"मी नापास झाले, सर. पण वर्गात बसून झाले," मी म्हणाले. "आमचा दादा पेपरला बसलाच नाही. तो तुमच्या शंभरात कुठं मोजला होता?"

आईनं मामांना कपबशा आणायला सांगितल्या. मामांनी त्याच पांढऱ्या, निळ्या काठाच्या आणल्या. आईनं किटलीतनं चहा ओतला आणि कप सरांच्या पुढ्यात सरकवला.

"घ्या सर. आज चहा आमच्याकडनं. भिऊ नका, आम्ही काय तुम्हाला शाळंतनं काढणार न्हाई."

मामा दारातच उभे होते. गेले नाहीत. सरांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा आईकडं. मग कप उचलला. आम्हीही प्यालो. कप खाली ठेवून आई म्हणाली, "आता ऑक्टोबरचा फॉर्म द्या. तुमच्याच शाळंतनं भरणार हाय पोरगी." सरांनी खण उघडला.

ऑक्टोबरला मी सुटले. पुढं एस.टी.त वाहक म्हणून लागले, तेव्हा मुलाखतीत साहेबांनी गुणपत्रिका बघून विचारलं, दोन प्रयत्न? म्हटलं, हो साहेब, दोन्ही शाळेतनं. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण ते हसले. आज माझ्या गाडीत सतरा नंबरची पुस्तकं घेऊन बसणाऱ्या बाया असतात, ड्रायव्हरच्या घरच्या, हॉटेलात भाकरी थापणाऱ्या. त्या फॉर्मवर माझा काडीचा राग नाही. विलासदादानंही तो भरला, तिसाव्या वर्षी, स्वतः रांगेत उभं राहून, आणि पास झाला. आपण उठून दार उघडणं वेगळं आणि कुणी मानगूट धरून दाराबाहेर ठेवणं वेगळं.

पण मला सांगायचाय तो त्याच दिवसाचा शेवट. किटली गाड्यावर परत देऊन आम्ही चौकातनं घरी निघालो. संध्याकाळ होत आली होती. फलकाजवळ शिडी लावून पेंटर उभा होता. निकालाच्या आधीच त्यानं 'यंदाही १०० टक्के' असं रंगवून ठेवलं होतं, ते आता त्याला पुसावं लागत होतं. शंभरावर त्यानं पांढरा हात मारला होता, पण खालची शून्यं अजून दिसत होती. त्यावर तो लाल रंगानं ९८ काढत होता. कामावर निघालेला दादा तिथंच थांबला होता, डबा हातात धरून.

मी मान खाली घालून भराभरा पुढं निघाले. आईनं माझा दंड धरून मला थांबवलं. चौकात माणसं होती, ओळखीची होती, बघत होती. आई मधोमध उभी राहून मान वर करून तो फलक बघत राहिली. पेंटरचं आठ पुरं होईपर्यंत ती हलली नाही.

"विलास," ती म्हणाली, "शंभराला दोन कमी हायत न्हवं?"

"व्हय."

"ते दोन आपलं," आई म्हणाली. कापूस लागलेल्या पदरानं तिनं माझं तोंड पुसलं आणि त्या गर्दीतनं, मधल्या रस्त्यानं, ती आम्हा दोघांना घेऊन निघाली.